पुरणयंत्रातून उतरलेली हिरवी वाटी

या मित्रांनो, या. असे भिंतीला टेकून दूर बसू नका, थोडे पुढे सरका. कीर्तनात मागे बसणाऱ्याला नुसते टाळ ऐकू येतात, गोष्ट ऐकायची तर पुढेच बसावे लागते. आज मी तुम्हाला एका वाटीची गोष्ट सांगणार आहे. ऐकता ऐकता भूक लागली, तर मात्र दोष माझा नाही.

मी एक जुने पितळी पुरणयंत्र आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगतो. मला तीन पाय आहेत. वर खोलगट भांडे, तळाला बारीक भोकांची जाळी आणि मधोमध फिरवायचा दांडा. दांडा फिरला की एक तिरपे पाते शिजलेली डाळ जाळीवर दाबत जाते. मऊ असेल ते खाली परातीत उतरते, राठ असेल ते माझ्यापाशी राहते. एवढेच माझे काम.

अकोल्याच्या एका तांबटाने मला घडवले. जाळीची भोके त्याने एकेक करून पाडली. कडेची दोन जरा मोठी झाली आहेत. बहुधा त्या वेळी त्याला कोणीतरी चहासाठी हाक मारली असावी. त्या दोन भोकांतून आजही पुरणाची जाडसर शेव उतरते. आमच्या घरधनीण जाईबाईंच्या रुखवतात मी पातूरजवळच्या या गावात आलो, त्याला चाळीस वर्षे झाली.

काय दिवस होते ते! होळी, पोळा, आखाजी, माझ्यावाचून कोणाचे पान हलत नसे. आमच्या गल्लीत पुरणयंत्र एकच, म्हणून मी घरोघर जात असे. कोणाच्या घरी पाहुणे येणार, हे सगळ्यांच्या आधी मला कळे. "जाईबाईचं यंत्र म्हणजे लोण्यासारखं पुरण," असे बाया म्हणत आणि मला परत करताना माझ्यात एक पोळी ठेवून देत. रिकामे भांडे परत करू नये, असा रिवाज होता.

पण मित्रांनो, मला जन्मापासून एक खोड आहे. मला प्रश्न फार पडतात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मारुतीच्या देवळाच्या अंगणात उघडते. दर पौषात तिथे सप्ता बसतो, आणि गेली बारा वर्षे धामणगाव रेल्वे या गावचे खुशाल महाराज कीर्तनाला येतात. महाराजांचा आवाज खिडकीतून आत आला की ताटेसुद्धा थरथरतात. मी मांडणीवर बसून विचार करी, एवढा आवाज ठेवायला माणूस केवढा लागत असेल? धान्याच्या कोठीएवढा? मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ते उतरत आमच्याच घरी, पण त्यांचे जेवण समोरच्या खोलीत होई, मी मागच्या.

पुढे घरात मिक्सर आला. मग पुरणपोळ्या शहरातून बांधून येऊ लागल्या. मी मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर गेलो, आणि एके दिवशी माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे येऊन पडले. मी रागावलो नाही. चिमट्यांनाही कुठेतरी राहावेच लागते. पण दांडा जाम झाला, अंग काळे पडले, आणि कीर्तन ऐकण्यापलीकडे मला काही काम उरले नाही.

या वर्षीच्या सप्त्याचा शेवटचा दिवस उजाडला. दहा वाजता काल्याचे कीर्तन होते. सकाळी आठच्या सुमारास जाईबाई स्वयंपाकघरात आल्या आणि चुलीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मागोमाग त्यांची सून रागिणी आली. ती अमरावतीची.

"काय झालं, आई?"

"महाराजाइनं पेज बी परत पाठवली. कन टोचतात म्हनते घशाले. बोलत तं नाहीच, हातानं सांगतात. दूध त्याइले सोसत नाही. मुगाचं कढन दोन घोटावर राह्यलं. दोन दिवस झाले वं, पोटात काही नाही!"

महाराजांचा घसा सुजला होता. पातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावले होते, की काहीतरी पातळ, गुळगुळीत, बिनतिखटाचे पोटात गेलेच पाहिजे. आदल्या दिवशी कीर्तनात त्यांना भोवळ आली होती. शेजारच्या विणेकऱ्याने धरले म्हणून ते पडले नाहीत.

"दोन तास उभं राहा लागते," जाईबाई म्हणाल्या. "आपल्या घरून कीर्तनकार उपाशी गेला, अन् मारुतीसमोर पडला, तं मी देवाले कोन्या तोंडानं नमस्कार करू?"

रागिणीने इकडेतिकडे पाहिले. कोपऱ्यातल्या टोपलीत थोड्या वाटाण्याच्या शेंगा होत्या. "मटरचं सूप करू," ती म्हणाली. "अर्ध्या तासात होते. एक सालटं घशाला लागणार नाही."

"कर, बाई, कर. पन सप्ता आहे, कांदा-लसून नको."

"नाही टाकत. पण आई, लाइट तर सहालाच गेली. मिक्सर कसा चालेल? गाळू कशात?"

जाईबाईंनी वर पाहिले. माझ्याकडे!

"गाळाले मिक्सरच लागते काय? मिक्सरच्या आधी लोक जेवत नव्हते काय वं? ते यंत्र काढ."

"त्याच्यात चिमटे आहेत."

"मंग चिमट्याइले आज सुटी दे."

मित्रांनो, त्या क्षणी माझे काय झाले, ते कसे सांगू! चिंच आणि राखेने मला घासले, कढत पाण्याने धुतले, दांड्याला तुपाचे बोट लावले. दांडा आधी कुरकुरला, मग फिरला.

इकडे रागिणीने पाण्याला उकळी आणली, मग वाटाणे आणि आल्याची एक चकती टाकली. जाईबाई झाकण ठेवायला गेल्या, तर तिने हात धरला. "झाकू नका. झाकलं की रंग मरतो." मी कान टवकारले. डाळ तर झाकूनच शिजवतात! मग या हिरव्या दाण्याचे असे काय निराळे? सात-आठ मिनिटांत दाणे बोटाने चिरडता येऊ लागले. आले काढून टाकले आणि वाटाणे माझ्यात आले.

चाळीस वर्षे मी फक्त हरभऱ्याची डाळ ओळखत होतो. डाळ मुकाट्याने बसते. हे दाणे मात्र टणाटण उड्या मारत पात्यापासून पळत होते. रागिणी त्यांच्याच पाण्याचा थोडा थोडा शिपका देत दांडा फिरवत गेली, आणि खाली हिरव्या मलईसारखी धार पडू लागली. वर सालांचा लहानसा ढीग उरला. मी तो न्याहाळत बसलो. एवढ्या पातळ सालीने एवढा मऊ गर कसा धरून ठेवला असेल?

मग तुपात जिऱ्याची फोडणी, मीठ, चिमूटभर साखर आणि एक उकळी. वाटी भरली. रागिणीने ती एकुलती वाटी ओट्यावर ठेवली आणि मला धुवायला अंगणात नेले. जाईबाई देवघरातल्या दिव्यात तेल घालायला गेल्या.

तेवढ्यात, हे मला मागाहून कळले, देवमनराव आत आले. देवमनराव म्हणजे जाईबाईंचे यजमान, सप्त्यातले मृदंगवादक. माणूस सोन्यासारखा. त्यांनी वाटी पाहिली. कोरी, हिरवी, वर तेलाचा थेंब नाही. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याच्या वाटीवर लाल तर्री तरंगत नसेल, तर तो पाहुण्याचा अपमान समजतात. काल रात्रीच्या पातोडीच्या रश्श्याची तर्री शेजारीच होती. देवमनरावांनी प्रेमाने दोन पळ्या सोडल्या, नीट ढवळल्या, आणि वाटी स्वतःच महाराजांपुढे नेऊन ठेवली.

महाराज पुढे आलेले अन्न चाखल्याशिवाय परत पाठवत नाहीत. शिवाय दोन दिवसांची भूक. त्यांनी नमस्कार केला आणि मोठा घोट घेतला.

मी अंगणात नळाखाली होतो. मला फक्त खोकला ऐकू आला. असा खोकला, की देवळातले टाळकरी धावत ओसरीवर आले. रागिणी मला टाकून आत पळाली.

"काय टाकलं तुमी त्याच्यात?" हा जाईबाईंचा आवाज.

"कुठं काय? दोन पळ्या तर्री. मान केला म्या त्याइचा!"

"मान केला? घसा जाळला तुमी देवमानसाचा!"

"मले वाटलं, तू विसरली."

"चाळीस वर्सांत कधी तर्री विसरली काय मी?"

"म्हनूनच तं मले नवल वाटलं!"

कोणी हसले नाही. महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि आता हातानेही काही सांगायचे त्राण त्यांच्यात नव्हते. घरात वाटाणे मूठभरच उरले होते. नऊ वाजून गेले होते. बाहेरून कोणीतरी विचारले, "काला होनार का नाही?"

देवमनराव ओसरीवरून उतरले. त्यांनी डोक्याचा फेटा काढला. मला वाटले, चालले कुठेतरी तोंड लपवायला. पण ते गेले थेट महाप्रसादाच्या मांडवात. तिथे भाजीसाठी वाटाण्याच्या शेंगांचा ढीग होता. फेट्यात बांधून शेंगा आणल्या आणि स्वयंपाकघरात मांडी ठोकून सोलायला बसले. रागिणीनेही मला अंगणातून उचलून पुन्हा ओट्यावर आणले. मृदंगावर चालणारी बोटे ती! शेंग फुटे, दाणे पडत, शेंग फुटे, दाणे पडत. एक मात्रा चुकत नव्हती.

"एकही अळी सोडू नका," जाईबाई ओरडल्या.

"हौ."

"अन् तर्रीचं भांडं कुठं आहे?"

"म्या गाईच्या गोठ्यामागं ठेवलं. आपल्या हाताचा भरवसा नाही."

तेव्हा कुठे रागिणीच्या ओठांवर जरासे हसू आले.

मग दारात सावली पडली. एक माणूस आत आला. बारीक, ठेंगणा, गळ्याला मफलर, कान तेवढे मोठे. हळूच देवमनरावांच्या शेजारी बसला आणि तोही शेंगा सोलू लागला. देवमनरावांनी त्याचे पाय धरले, "महाराज, चुकलो मी," म्हणाले. त्याने त्यांचे हात पायांवरून उचलले आणि शेंगांकडे वळवले.

हे खुशाल महाराज? मित्रांनो, मी पाहतच राहिलो. बारा वर्षे मी ज्यांना कोठीएवढे समजत होतो, ते एका पाटावर मावून वर दोन वाट्यांपुरती जागा उरत होती! मग तो आवाज ते ठेवत कुठे असतील?

पुन्हा उकळी, पुन्हा उघडे पातेले, पुन्हा माझी जाळी. या वेळी रागिणीने गर माझ्यातून दोनदा काढला. महाराज माझ्याकडे टक लावून पाहत होते. वाटी भरली. जाईबाई दाराशी पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या. देवमनराव आपण होऊन दोन हात मागे बांधून बसले.

पहिला घोट गेला. सगळे महाराजांच्या गळ्याकडे पाहत होते. दुसरा गेला. खोकला आला नाही. महाराजांनी डोळे मिटले आणि वाटी हळूहळू संपवली. मग ती पुढे करून, कालच्या कीर्तनानंतर पहिल्यांदाच, खरखरीत आवाजात ते बोलले.

"अजून आहे काय?"

जाईबाईंनी पदराने डोळे पुसले. "आहे, महाराज, पातेलंभर आहे!"

तीन वाट्या झाल्यावर महाराजांनी रागिणीला विचारले, "पोरी, कोनी शिकवलं हे तुले?"

"गंगूबाईनं," ती म्हणाली. ते नाव या घरात कधी कोणी ऐकले नव्हते. "माझ्या बाबांचं गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही अमरावतीला दवाखान्यात होतो. मी कॉलेजात होते, मला काही येत नव्हतं. बाजूच्या खाटेवर धारणीकडचा पेशंट होता. गंगूबाई त्याची बायको. नातेवाइकांच्या शेडमध्ये तीन विटांवर ती हे करायची. जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळायची. अर्धं तिच्या माणसाला, अर्धं माझ्या बाबांना. कोण, कुठले, कधी विचारलं नाही."

"मंग?"

"तिचा माणूस गेला. गावची जीप यायला वेळ होता. मला हात धरून शेडमध्ये नेलं, विटा मांडल्या, म्हणे, बघून घे पोरी, उद्यापासून तुझ्या बापाला तूच दे. डोळे पुसत शिकवलं. झाकण ठेवू नको, घाई करू नको, दोनदा गाळ. मग गेली. पत्ता घ्यायचं मला सुचलंच नाही."

मी माझ्या जाळीकडे पाहिले. चाळीस वर्षांचा माझा तोरा त्या लुगड्याच्या तुकड्यापुढे उतरला.

कीर्तनाला दहा मिनिटे उशीर झाला, पण ते उभे राहिले. महाराजांचा आवाज निम्माच होता. देवमनरावांनी मृदंग इतका हलका ठेवला, की एकही शब्द बुडू नये. जिथे महाराजांचा सूर तुटे, तिथे टाळकरी तो उचलून धरत. जाईबाईंनी चूल विझवली आणि रागिणीला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मी खिडकीतून ऐकत होतो.

काल्याची दहीहंडी फुटण्याआधी महाराज थांबले. म्हणाले, "मंडळी, आज माह्या पोटात जे अन्न आहे, ते धारनीकडच्या गंगूबाईचं आहे. म्या तिले पाह्यलं नाही. तुमी बी पाह्यलं नाही. एक नामघोष तिच्यासाठी." आणि सगळे अंगण 'राम कृष्ण हरी' म्हणाले. ताटे थरथरली.

मित्रांनो, मला आता पुसून, कोरडे करून खालच्या फळीवर ठेवतात. तुमच्याही घरी कुठेतरी असे एखादे जुने भांडे असेल. त्याला विचारा, त्याच्याजवळ गोष्टी आहेत. आणि एक मागणे आहे. कधी तुमच्या घरी कोणी आजारी पडले, घास उतरेनासा झाला, आणि तुम्ही वाटाणे शिजवायला ठेवलेत, तर पातेले उघडे ठेवा, दोनदा गाळा, आणि वाटी हातात देण्याआधी क्षणभर थांबून गंगूबाईंची आठवण काढा.