काशाची पट्टी

"ही आमची सुलास्त्री नाहीच," स्पीकरवरचं गाणं ऐकून म्हातारा कार्सोनो तिसऱ्यांदा म्हणाला. "तिची कोणी धाकटी बहीण असेल."

तुगीमानने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बावन्नाव्या वर्षी आपलंच काम दुसऱ्याने शिकवावं, याचा त्याला मनस्वी राग आला होता. जावातल्या क्लातेनच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रात तो तीस वर्षं ध्वनिमुद्रण सांभाळत होता. गेल्या दोन वर्षांत त्याने गमेलानच्या, म्हणजे काशाच्या वाद्यांच्या संचाच्या, दीडशे जुन्या कॅसेट संगणकात उतरवल्या होत्या. बुरशीने खाल्लेल्या फिती एकदा वाजून संपल्या की फेकूनच द्याव्या लागत. त्यांवर गाणाऱ्या बायकांचं जे काही उरलं होतं ते आता संगणकातच होतं.

"म्बाह," तो आजोबांना हाक मारावी तसा म्हणाला, "ही फीत भरली त्या दिवशी तुम्ही सरपंचाच्या घरचा गमेलान वाजवला होता. तो चढा असेल."

हे बोलणं चुकीचं नव्हतं. इकडे प्रत्येक गमेलान आपल्या वेगळ्या सुरात घडवतात, शेजारच्या गावाशी तो जुळेल तर शपथ. त्यामुळे एखादी फीत चढी वाजली तरी तुगीमानला कधी शंका आली नाही.

"चढा असेल म्हणे." म्हाताऱ्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली काशाची पट्टी काढली. "त्याच गमेलानची आहे. सरपंचाच्या नातवाकडून मागून आणलीय. परवा सुलास्त्रीला जाऊन हजार दिवस होतायत. सगळं गाव जेवायला येणार, आणि त्यांना मी ही चिमणी ऐकवू?"

रुमालाच्या दोन घड्यांवर पट्टी ठेवून त्याने लाकडी हातोडी मारली. संगणकातला तोच सूर चांगलाच वर होता. बहिऱ्यालाही कळलं असतं.

तुगीमानने तारा बदलल्या, संगणक बंद करून चालू केला. काही फरक पडेना. शेवटी त्याने आवाज आत घेणाऱ्या पेटीचा आकडा उघडून पाहिला. सेकंदाला आवाजाचे किती तुकडे घ्यायचे, तो आकडा. पेटी चव्वेचाळीस हजार शंभर दाखवत होती आणि फाइलवर अठ्ठेचाळीस हजार लिहिलेलं होतं, म्हणून गाणं भरभर आणि चढं वाजत होतं. त्याने वायांगचा, म्हणजे बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाचा, एक व्हिडिओ लावला, तसा पेटीचा आकडा आपोआप बदलला. दुसरा लावला, पुन्हा बदलला.

"फिती उतरत होत्या तेव्हा तू काय करत होतास?"

"वायांग बघत होतो."

"वा. इकडे माझी बायको गातेय आणि साहेब बाहुल्या बघतायत."

 तुगीमानने फाइलवरचा आकडा दुरुस्त केला आणि ती पुन्हा लावली. आवाज खाली आला, रुंद झाला. म्हाताऱ्याने पट्टी वाजवली. सूर जुळला.

"हां. ही बघ. कधी घाई करायची नाही बाई. आम्ही वाजवून थांबायचो, मग ही सावकाश यायची." त्याने पट्टीच्याच फडक्याने डोळे पुसले.

 पण कोणती फीत उतरताना तुगीमान काय बघत होता, याची कुठेच नोंद नव्हती; कोणती फाइल खरी आणि कोणती चढी, हे कळायला मार्ग नव्हता. आणि सत्त्याऐंशीवी फीत त्याच्या आईची होती. तो सात वर्षांचा असताना ती गेली. ती ज्या गमेलानवर गायची तो कधीच वितळवून विकला गेला होता. गेल्या ईदला त्याने ही फाइल बहिणीला ऐकवली, तेव्हा दोघं रडले होते.

त्याने ती आधी एका आकड्यावर लावली, मग दुसऱ्यावर.

"म्बाह, यातली माझी आई कोणती?"

म्हातारा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. आता त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"मी तिला कधी ऐकलंच नाही रे. तुला काय वाटतं?"

"दोन्हींत तीच वाटते."

म्हातारा गेल्यावर तुगीमानने एकेका आकड्याची एक अशा दोन फाइली केल्या. दोन्हींवर आईचं नाव टाकलं, नगातिनेम. मग अठ्ठ्याऐंशीवी उघडली.