खाटल्याला शून्य मार्क

साखरशेतच्या माळावर मुंबईकरांना तारे दाखवायचा धंदा हरिभाऊंनी काढला. तारे आयतेच होते, ते समजावून सांगणारं माणूस तेवढं हवं होतं. त्यासाठी जव्हारला त्यांच्या दुकानाच्या माडीवर भर दुपारी मुलाखती झाल्या. समितीत आम्ही तिघं. हरिभाऊ, ज्यांचं आकाश पंचांगात संपतं. निवृत्त मुख्याध्यापिका वनमालाताई, ज्यांना सगळंच कळतं. आणि मी, विज्ञान शिकवणारी, म्हणजे सहीपुरती.

उमेदवार दोन होते. एक हरिभाऊंचा पुतण्या नीलेश, दुसरी माझी जुनी विद्यार्थिनी जयवंती. हे काम मिळालं नाही, तर बीएस्सी होऊनही तिला दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टीवर जावं लागणार होतं. हे समितीतल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

प्रश्न वनमालाताईंचा: सप्तर्षी तसे का दिसतात? उत्तरही त्यांनी आधीच लिहून आणलं होतं. सात थोर ऋषी तिथे तपाला बसले आहेत म्हणून. नीलेशने सात नावं घडाघडा म्हटली, त्यात वसिष्ठ दोनदा आले. त्याला पूर्ण मार्क मिळाले.

मग जयवंती आली. "आमचे गावात त्याला खाटला सांगतात, म्हणजे बाज. चार पाय, आणि मागं खाटला पळवणारे तीन चोर," ती म्हणाली. वनमालाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ऋषींना चोर म्हणणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

"पण तिथं ऋषीही नाय आणि खाटलाही नाय," जयवंती पुढे म्हणाली. "पाच तारे एका टोळीचे, बरोबर चालतात. एक पाय आणि शेवटचा चोर त्यांच्याहून लांब, त्यांची वाट वेगळी. आपण इथून बघतो म्हणून सगळे एका जागी दिसतात. लाखभर वर्षांनी खाटला मोडेल."

हरिभाऊ खरोखर घाबरले. धंद्याच्या बोर्डावर सप्तर्षी रंगवून झाले होते, आणि ही ते मोडायला निघाली होती. वनमालाताईंनी शेरा लिहिला: विषयाचे ज्ञान नाही, संस्कारही नाहीत. शून्य मार्क.

कागद माझ्यापुढे सरकला. तिचा शब्द न् शब्द बरोबर होता. पण हरिभाऊ आमच्या शाळेच्या संस्थेवर आहेत, आणि मला कायम करायची फाईल त्यांच्या टेबलावर आहे. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं, याची मला अजून लाज वाटते.

जयवंती खाली जिन्यात थांबली होती. मी निकाल सांगितला.

"बाई, चुकला का माझा?"

"नाही गं."

"मग शून्य कोणी दिला?"

तिघांच्या सह्या आहेत, असं मी पुटपुटले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "हा पुस्तकात नव्हता, बाई. आठवीत तुम्हीच शिकवलेला. तवा पैकीच्या पैकी दिलेलेत."