बिल्ल्याची उलटी बाजू

आडेलच्या गळ्यातला बिल्ला नेहमी उलटाच लटकायचा. कुणी हटकलं, तर ही दोरीच मेली पीळ खाते, असं ती सांगायची. खरी गोष्ट अशी की बिल्ल्यावर नावापुढे ‘डी.ओ.’ ही डॉक्टरकीची पदवी होती, आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या त्या मोठ्या इस्पितळात तिच्या शिकाऊ डॉक्टरांच्या तुकडीतले बाकीचे सगळे एम.डी. तीच औषधं, त्याच शस्त्रक्रिया, तेवढ्याच रात्रपाळ्या. डी.ओ. लोक त्याशिवाय आखडलेले स्नायू-सांधे हातानं मोकळे करायलाही शिकतात, एवढाच फरक. म्हणजे शिकली जास्तच, आणि लाज वाटायची ती त्या जास्तीचीच.

तिचे वडील त्याच मिझुरी राज्यातल्या एका लहान गावात डी.ओ. होते. दवाखान्याच्या पाटीवर ती दोन अक्षरं त्यांनी नावापेक्षा मोठी रंगवून घेतली होती.

त्या गावचा व्हर्जिल ओक्स, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, न्यूमोनियानं तिच्याच वॉर्डात आला. खोकून खोकून बरगड्या अशा धरल्या होत्या की श्वास अर्ध्यावरच अडायचा. सकाळच्या फेरीत सगळ्यांदेखत त्यानं तिला ओळखलं.

"अगं, तू ब्रँट डॉक्टरांची ना? मग सुटलो. तुझे बाबा पाठीखाली हात घालून बरगड्या उचलायचे, तसं कर बघू जरा."

तुकडीचे प्रमुख डॉ. व्हिटकोम हसले. "आपल्यात हाडवैद्यही आहेत वाटतं."

आडेलचे कान तापले. हृदयविभागातली जागा तिला मिळणार होती ती यांच्याच शिफारशीवर.

"मला नाही येत ते," ती म्हणाली.

"असू दे," व्हर्जिल म्हणाला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं.

बापानं ज्या विद्येवर गाव सांभाळलं, ती आपण चारचौघांत नाकारली, हे काही केल्या मनातून जाईना. स्वतःचीच किळस आली. दुपारी जेवण टाकून ती त्याच्या खोलीत गेली, दार लावलं आणि त्याच्या पाठीखाली दोन्ही हात सरकवले. बोटांना सगळं आठवत होतं. हळूहळू बरगड्या सैल झाल्या आणि व्हर्जिलनं छातीभर श्वास घेतला.

"येतंय की," तो पुटपुटला. "मग दार कशाला लावलंस? बाबा तुझे उघड्या दारानं करायचे."

तेवढ्यात दाराची मूठ फिरली. आडेलनं चटका बसल्यासारखे हात ओढून घेतले आणि घाईघाईनं स्टेथोस्कोप कानाला लावला. दारात व्हिटकोम होते. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

ती तोंड उघडायच्या आत व्हर्जिलच बोलला. "काही नाही, डॉक्टर. पोरगी नुसती छाती ऐकत होती."

व्हिटकोमनी स्वतः छाती ऐकली. श्वास खूपच मोकळा झालाय, औषध छान लागू पडलं, असं म्हणून त्यांनी आडेलला शाबासकी दिली. ती हो म्हणाली.

व्हर्जिल भिंतीकडे तोंड करून पडला होता. गावानं डोळे मिटून ज्याच्या बसमध्ये पोरं बसवली, त्या माणसाला तिची लाज झाकायला खोटं बोलावं लागलं, आणि तिनं ते बोलू दिलं.