आधी नाव, मग फाटक

दुकानात गिऱ्हाईक यावं, चार वस्तू न्याहाळाव्यात आणि चकार शब्द न काढता निघून जावं, यासारखा जिवाला घोर नाही. शेल्डनच्या नशिबी हेच आलं होतं. फक्त त्याचं दुकान वेबसाइटवर होतं.

वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात त्याची ‘आधार गृहसेवा’ चाले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची घरी जाऊन सेवा करणाऱ्या सहा बायका त्याच्याकडे होत्या. मुलं परदेशी आणि आईबाप इथे, अशी घरं वसईत कमी नाहीत. तरीही महिन्याला चारशे माणसं साइट बघून जात आणि फोन येत जेमतेम तीन. सहापैकी दोघी कंटाळून कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या. उरलेल्या चौघींना पुढच्या महिन्यात काम देता आलं नाही, तर गाळ्याला कुलूप लावायचं हे शेल्डनने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“दादा, आपण रंग बदलून बघू या का? बटण मोठं करू,” साइटचं काम बघणारी हेमांगी म्हणाली.

तेवढ्यात भागूबाई हजेरी लावायला आली. चौघींत ती वयाने सर्वांत मोठी. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि थबकली. पांढऱ्या कोटातल्या गोऱ्यापान परदेशी पोरी तिच्याकडे बघून हसत होत्या.

“शेल्डनशेट, या कोन? आपल्यात तर यांतली एक नाय!”

शेल्डन ओशाळला. “मावशी, ते नुसते फोटो आहेत. लोकांना प्रोफेशनल वाटायला हवं ना.”

“मंग आमी कुठं हाव? आनि तुजं नाव कुठं हाय?”

आता खरं काय ते सांगणं भाग होतं. “माझं नाव बघून हिंदू घरं बिचकतील, तुमची नावं बघून आमची ख्रिस्ती घरं बिचकतील. म्हणून कोणाचंच नाव टाकलं नाही.”

भागूबाई खुर्ची ओढून बसली. हजेरी राहिली बाजूला.

“ऐक. वीस वर्सं मी अर्नाळ्याची सुकी मासली टोपलीत घेऊन दारोदार फिरली. होळी गावात जा, पापडी गावात जा, सगली किरिस्ताव वाडीवाली मानसं. प्रत्येक फाटकाशी आदी हाक मारायची, ‘अर्नाळ्याची भागू आलीय गोऽ!’ नाव सांगितल्याबिगर फाटक उघडत नसे. कुत्रं पन भुंकायचं थांबत नसे! त्या बायांनी माजी जात इचारली नाय. मी कोन, एवडंच त्यांना पायजे होतं. तू तर म्हाताऱ्या बापाच्या खोलीत मानूस धाडतोस, आनि फाटकाशी मुका उभा! कोन उघडील?”

लोक बिचकतील, हे शेल्डनला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही! भिंत त्याच्याच मनात होती आणि खापर तो गिऱ्हाइकांवर फोडत होता. ज्या बायकांच्या जिवावर धंदा उभा, त्यांचेच चेहरे झाकून ठेवल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

“हेमांगी, त्या पोरींना काढ,” तो म्हणाला. “आधी मावशींचा फोटो घे.”

“थांब, पदर नीट करू दे,” भागूबाई म्हणाली.

दोन दिवसांत साइट बदलली. सर्वांत वर शेल्डनचं नाव, फोटो आणि नंबर. खाली चौघीजणी, नावागावासकट. कोणाला काय जमतं ते साध्या मराठीत लिहिलं. इंजेक्शन आम्ही देत नाही, हेही लिहिलं. अकरा रकान्यांचा फॉर्म जाऊन तिथे नाव आणि मोबाइल एवढंच राहिलं.

पहिला फोन आला तो वाईट. “आमच्यातली बाई मिळेल का?” कोणीतरी विचारलं. “चांगली बाई मिळेल,” शेल्डन म्हणाला. समोरून फोन ठेवला गेला. पण यावेळी तो खचला नाही.

दुसरा फोन कॅनडाहून आला. होळी गावच्या निकोलस मास्तरांची मुलगी जोआना बोलत होती. वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती कासावीस झाली होती. “तुमची साइट मी तीनदा बघून बंद केली होती. पप्पांजवळ कोण बसणार तेच कळत नव्हतं. आज कळलं. त्या भागूबाईंना पाठवाल?”

सोमवारी सकाळी शेल्डनने भागूबाईला मास्तरांच्या घरी नेलं. तो बेल वाजवणार, तोच तिने त्याला अडवलं आणि जुन्या सवयीने खणखणीत हाक दिली, “अर्नाळ्याची भागू आलीय गोऽ!”

आतून एक थकलेला, पण हसरा आवाज आला, “भागू? इतक्या वर्षांनी! बोंबील आणलेस का गो?”

भागूबाईने पदराने डोळे टिपले आणि फाटक ढकललं. त्यानंतर आणखी घरांतून फोन येत गेले आणि महिनाअखेर गाळ्याला कुलूप लागलं नाही. उलट पॅकिंगला गेलेल्या दोघींना शेल्डनने परत बोलावून घेतलं.

मित्रहो, आपणही धंदा करतो, नोकरी करतो, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने आपली माणसं मागे लपवून परक्यांचे चेहरे पुढे करतो. समोरचा कोत्या मनाचा आहे, हे आपणच ठरवून टाकतो. एकदा त्याच्यावर विश्वास टाकून बघा! ज्यांच्या हातांनी काम होतं, त्यांचं नाव मानाने पुढे लावा. विश्वास हवा असेल, तर आधी आपण कोण ते सांगावं लागतं.