शेवटचा अर्धा आटा

साठ मीटरचा टॉवर.

गुडघ्याला चोळायचं मलम, उजव्या खिशात.

"अहो, आज तरी माझ्या भावाचं ऐका." बायको, दार लावता लावता.

तीन आठवड्यांपूर्वी चाळीस मीटरवर त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. लोखंडी पट्टीला मिठी मारून तो वीस मिनिटं लटकून राहिला. हे मेहुण्याला कळलं, म्हणजे बायकोला कळलंच.

ऑफिसात त्याला सगळे 'वरचे काका' म्हणतात.

आज त्याच्या पोटावर पाय येणार होता. वायरलेसचे रेडिओ आजवर टॉवरच्या टोकाला, अँटेनाशेजारी बसत. बिघडला रेडिओ, की चढा. आता इंजिनिअर मॅडमनी एक रेडिओ पायथ्याच्या पेटीत बसवला होता. वर नुसती अँटेना, मध्ये जाड केबल. केबलमध्ये सिग्नल थोडा मुरतोच. तरीही तो पलीकडच्या दवाखान्यापर्यंत पुरेसा पोचला, तर कंपनीच्या अठराही टॉवरचे रेडिओ खाली येणार. मग चढणारा माणूस कशाला पोसायचा?

केबलचं वरचं टोक अँटेनाला जोडायला मात्र तोच हवा होता.

"दाजी, मी जातो वर," दोर सोडवत मेहुणा म्हणाला.

"तू? माळ्यावर चढतोस तेव्हा तुझी बहीण खालून शिडी धरते."

"तीच म्हणाली, आज तुम्हाला धर."

"मग दोर धर. आणि तोंड आवर."

तो दर दहा मीटरला थांबला. पूर्वी थांबत नसे. मेहुणा खालून मोजत असणार, या विचारानेच त्याचं डोकं तापलं.

वर वारा. जोडणीचे आटे हाताने बसले. मग पाना. एक फेरा. दुसरा. अर्धा उरला.

तसाच ठेवला तर? सिग्नल पडेल, रेडिओ पुन्हा वर येईल, त्याच्यामागोमाग तोही. कुणाच्या बापाला कळणार नाही. इथवर येऊन बघणारा दुसरा आहे कोण?

पाना निसटला, कठड्यावर आपटला, तिथेच अडकला. खाली, बरोबर त्याच रेषेत, मेहुणा मान वर करून उभा.

"बाजूला हो, गाढवा."

"मग धरू कुठून?"

त्याने पाना उचलला आणि उरलेला अर्धा आटा आवळला. पाणी शिरू नये म्हणून वरून टेपचे तीन थर, नेहमीसारखे.

तो खाली आला तेव्हा मॅडम लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाल्या, "काका, पास. मला इतकी आशा नव्हती. जोडणी फारच छान झालीये."

"चला, सुटलो," तो म्हणाला. पट्ट्याचं बकल सोडायला बोटं ऐकेनात. मेहुण्याने पुढे होऊन ते काढलं.

एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा चढला, तेव्हा उतरायला दोन तास लागले होते. खाली यावंसंच वाटत नव्हतं.