इस्काचे तांबडे केस

जोनेल ग्रॅनमचं पत्र गेल्या वर्षी मार्चमध्ये आलं. हातानं लिहिलेलं, दोन पानी. मी त्याला उत्तर दिलं नाही. सहा वेळा सुरुवात केली, पण त्या सहा कागदांचं तिला काय कळणार?

माझ्या तीन कादंबऱ्यांवर टोरांटोत मालिका होत होती. काल्पनिक राज्य, हद्दपार झालेला तरुण राजा ओरेल आणि त्याला नदीपार नेणारी नावाडीण इस्का. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी दोघांचं लग्न होतं. मालिकेत इस्काचं काम जोनेलला मिळालं. ती काळी आहे. तिचं पहिलं छायाचित्र बाहेर आलं त्या दिवसापासून माझे काही वाचक तिला शिव्या घालू लागले. पुरावा त्यांच्याकडे माझाच होता. दुसऱ्या पुस्तकातलं चौतिसावं पान: इस्काचे तांबडे केस वाऱ्यावर उडतात.

जोनेलनं लिहिलं होतं, "कॉर्कमसाहेब, पुस्तकात राजा गुडघे टेकून इस्काला विनवतो, मला होडीत घे. नव्या भागांत मी त्याच्या घोड्याला पाणी पाजते. आमचं प्रेम काढून टाकलंय, प्रेक्षकांना पटत नाही म्हणे. असे बदल तुम्हाला विचारून करावे लागतात, असं ऐकलं. निर्मात्यांना एक ओळ लिहाल? आणि एक विचारू का? तिला लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?"

पहिल्या विनंतीला होकार देणं सोपं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येईना, म्हणून पहिलंही राहून गेलं.

बदललेल्या संहिता माझ्याकडे नियमानं येत. चौदा दिवसांत लेखकाची हरकत आली नाही तर त्याची संमती आहे असं धरायचं, असं करारात होतं. पंधराव्या दिवशीही मी टंकयंत्रासमोर बसून 'प्रिय जोनेल'च्या पुढे काय लिहावं ते शोधत होतो.

या ऑक्टोबरात एका रविवारी वर्ना टाइन्स चर्चमधून परस्पर माझ्याकडे आली, ओटच्या बिस्किटांचा डबा घेऊन. हॅलिफॅक्सच्या एका ग्रंथालयात आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं एकाच टेबलावर काढली. तीही काळी. तिची माणसं या किनाऱ्यावर माझ्या माणसांइतकीच जुनी. चहा घेता घेता आम्ही मालिकेचा नवा भाग लावला. त्यात इस्का नदीत बुडून मेली. शेवटच्या दृश्यात राजा एका सोनेरी केसांच्या राजकन्येकडे बघून हसला.

"नावाडीण, आणि बुडून मेली?" वर्ना म्हणाली. "कोणा दिवट्याच्या डोक्यातून आलं हे?"

"तिथल्या लेखकांच्या."

"आणि तू काय करत होतास?"

"मला विचारलं होतं त्यांनी. मी काही कळवलं नाही."

मी खणातून जोनेलचं पत्र काढून दिलं. तिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"मला एक सांग, केस तांबडे कधी झाले? पहिल्या पुस्तकात तर नव्हते."

"मुखपृष्ठामुळे. चित्रकारानं पुस्तक वाचलंच नव्हतं. त्यानं गोरी, तांबड्या केसांची मुलगी काढली. छापून आल्यावर कसं म्हणायचं की चुकलं? मग दुसऱ्या पुस्तकात मीच तसं लिहिलं. चित्राशी जुळावं म्हणून."

"अरे देवा! चित्रकाराला वाईट वाटू नये म्हणून!" ती हसली. मीही हसलो. मग तिनं पत्रावर बोट ठेवलं. "ही पोरगी विचारतेय, डोळ्यांसमोर कोण होतं?"

मी तिच्या कपात आणखी चहा ओतू लागलो.

"वल्ही मोजताना इस्का खालचा ओठ चावते," वर्ना म्हणाली. "रागावली की तिचा आवाज चढत नाही, उतरतो. कॉर्कम, पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित टंकलं कुणी? मीच ना? तिसऱ्या पानावरच मला कळलं होतं. घरी जाऊन आईला सांगितलं, मी पुस्तकात आलेय म्हणून. मग मुखपृष्ठ आलं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मी बोलायचं?" तिचा आवाज उतरला होता. "सदतीस वर्षं वाट बघितली, तू बोलशील म्हणून. माझं जाऊ दे, मी म्हातारी झाले. पण या पोरीनं तर तुला सरळ विचारलं होतं रे."

तिनं कोट चढवला. मी दारापर्यंत गेलो, पण तिनं मागे बघितलं नाही.

जोनेलच्या एजंटला फोन करायला मला आणखी तीन दिवस लागले. त्या मालिकेतलं तिचं चित्रीकरण संपल्यावर तिला दुसरं काम मिळालं नाही, ती हॅमिल्टनमध्ये एका वृद्धाश्रमात नोकरी करते, असं कळलं. पत्ता घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं:

"प्रिय जोनेल, इस्का म्हणजे वर्ना टाइन्स, माझी ग्रंथालयातली सहकारी. ती काळी आहे. केस तांबडे लिहिले ते एका चुकीच्या चित्रासाठी, माझ्या भित्रेपणामुळे. तुमच्या भूमिकेचं नुकसान माझ्या गप्प बसण्यामुळे झालं. हे पत्र कुणालाही दाखवा. एक प्रत वर्तमानपत्राला पाठवतो आहे. एलिस कॉर्कम."

पाठवण्याआधी वर्नाला फोन करून वाचून दाखवलं. तिचं नाव होतं, विचारायला हवं होतं.

"नाव तसंच असू दे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. पाऊस भुरभुरत होता म्हणून दोन्ही पाकिटं कोटाच्या आत धरून नेली आणि एकामागून एक आत टाकली.