लाइन धुण्याचा रविवार

नेकनूरच्या रस्त्याला साखर कारखान्याच्या कामगारांची बावीस घरांची कॉलनी होती. सोसायटी सहकारी, म्हणजे चहा सगळ्यांचा आणि काम एकट्या सुंदररावांचं. सुंदरराव कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कॉलनीची सांडपाण्याची लाइन त्यांनीच नबी गवंड्याला हाताशी धरून टाकली होती, आणि लेकीचं कौतुक सांगावं तसं ते आल्यागेल्याला तिचं कौतुक सांगत.

मृगाच्या आधीच्या रविवारी ती लाइन धुण्याचा रिवाज होता. सगळ्या चेंबरची झाकणं उघडायची, बांबूच्या कामट्या घालून गाळ हलवायचा आणि वरच्या अंगाच्या घरातून पन्नास-साठ बादल्या एका दमात सोडायच्या. पाणी खळखळत खालच्या खड्ड्यात पोचलं की बायका भजी तळायला घेत.

मग दुष्काळ पडला. कारखाना उसावाचून बंद झाला, टँकर आठ आठ दिवसांनी येऊ लागला. प्यायला पाणी नसताना गटारात बादल्या ओतणं पाप आहे, यंदा लाइन धुवायची नाही, असा ठराव बैठकीत सुंदररावांनीच मांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी ठरावाचीही गरज पडली नाही.

टँकरचा पाइप गल्लीतून जेमतेम दारापर्यंत पोचे. म्हणून सुंदररावांनी जमिनीतला हौद दाराशीच बांधला, चेंबरपासून दोन हातांवर. दहा हात तरी लांब घ्या, असं नबी म्हणाला होता. सुंदररावांनी त्याला आपली तीस वर्षं ऐकवली आणि हौद तिथंच घेतला. मग बाकीच्यांनीही आपापले हौद तिथंच बांधले. खुद्द फिटरनं बांधल्यावर विचारायचं कुणाला?

दुसऱ्या उन्हाळ्यात खुणा दिसू लागल्या. पाणी वाचवायचं म्हणून घरोघरी भांडी राखेनं घासून तांब्याभर पाण्यात विसळत होते, आणि ती राख मोरीतून लाइनीत जाऊन बसत होती. संडासात पाणी ओतलं की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येई. मोरीतलं पाणी तासभर हलत नसे. सुंदररावांनी कामटीनं ढोसलं, पाणी थोडं उतरलं, आणि त्यांनी हात झटकले.

मग हौद आणि चेंबरच्या मधल्या बोळकांडीत हराळी उगवली. शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं, त्यामुळं सुंदररावांची बायको सत्यभामाबाई, कॉलनीच्या अक्का, यांना तिचं फार अप्रूप. सुंदररावांचा जीव मात्र खालीवर झाला. हौद पाझरतोय, टँकरचं पाणी मातीत चाललंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी बाहेरून हाताला येईल तिथं सिमेंट फासलं. पाणी बाहेर जातंय एवढंच त्यांना सुचलं; घाण पाणी आत येत असेल, हे त्या जन्माच्या फिटरच्या मनाला शिवलं नाही. दुष्काळात माणूस पाणी जाण्याला भितो. येण्याला कोण भिणार?

पाण्याला वास येतोय, असं सत्यभामाबाई एकदा म्हणाल्या. टँकरचं पाणी आहे, वास यायचाच, म्हणून सुंदरराव उठून गेले. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांनी तुरटी फिरवून दिली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्याच नाहीत.

वैशाखात दोघांचीही पोटं बिघडली. सुंदररावांचं निभावलं. सत्यभामाबाईंचे डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली. कावीळ डोक्यात गेली आणि बीडच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी त्या गेल्या. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. त्या प्रश्नानं सुंदररावांना नंतर झोप येईना.

तेरावं झाल्यावर त्यांनी नबीला बोलावून हौद रिकामा केला आणि मधली जागा खणायला लावली. सांडपाण्याचा पाइप राखेनं गच्च भरला होता. जोड फुटला होता, तोही हौदाच्या अंगाला. आतल्या विटा खालून दोन वीत काळ्या पडल्या होत्या. हौद कधी भरलेला नसायचाच; तळाशी पाणी उरलं की त्यात बाहेरची घाण झिरपायची. सुंदरराव खड्ड्याच्या काठावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपण आपल्या हातानं बायकोला घाण पाजली, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. नबीनं त्यांना रडू दिलं.

मग नबी हळूच म्हणाला, "मी बुजवून टाकतो. लोक टँकरलाच नावं ठेवतेत, ठेवू द्या. तुमी तोंड उघडलं तर उद्या या गल्लीत उभं ऱ्हाता येनार न्हाई."

"एकवीस हौद हायेत, नबी," सुंदरराव म्हणाले. "समदे माझं बघून बांधलेले."

तोंडावर पाणी मारायला घरात थेंब नव्हता. उपरण्यानंच तोंड पुसून ते शेजारच्या दारात गेले. छबुबाई धान्य निवडत होत्या. हौदातलं पाणी आजपासून पिऊ नका, असं सुंदररावांनी सांगितलं, आपली चूक कुठं झाली तेही सांगितलं. पाण्याला वास येतो का, असं त्यांनी शेवटी विचारलं. आजवर कुणालाच त्यांनी हे विचारलं नव्हतं.

"येतोय की, भाऊ. शिमग्यापासून येतोय."

"मंग पिलात कामून?"

छबुबाईंनी सूप खाली ठेवलं. बोलावं की नाही, असं त्यांना झालं असावं.

"म्या अक्काला इचारलं होतं. त्या म्हनल्या, लाइन आमच्या मानसानं टाकलीय, काय बिघडलं असतं तर त्यास्नी आधी कळलं असतं. पी बिनघोर."

सुंदरराव ओट्याच्या कडेला बसले. थोड्या वेळानं गुडघ्यांवर हात देऊन उठले. अजून वीस घरं राहिली होती.